मामावर गेलेला धाकटा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात स्वतःचे छोटे मशीन शॉप चालवणारे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात आपल्या जुळ्या मुलांना घेऊन राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात आले, तेव्हा त्यांची तक्रार दोघांपैकी एकाबद्दलच होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) मुले दहावीत होती. थोरला शांत, वह्या नीटनेटक्या ठेवणारा, सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर लेथवर उभा राहणारा. धाकटा चिडका, वर्गात मारामाऱ्या करणारा, हाती घेतलेले काम अर्धवट टाकणारा. सोबत आलेल्या आजींचा निर्णय आधीच झालेला होता. "ह्यो मामावर गेलाय, मॅडम. खाण तशी माती. रगात कुठं जाणार?" मुलांचा हा मामा आजऱ्याकडे शेती करत असे, दारूपायी जमीन गमावून बसला आणि चाळिशीच्या आतच वारला. आजी बोलत असताना मुलांची आई मान खाली घालून बसली होती, आणि धाकट्याच्या चेहऱ्यावर राग किंवा संकोच काहीच उमटला नाही, यावरून हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेले असावे असे मला वाटले.

दोघांच्या चेहऱ्यांत साम्य पुष्कळ होते. तरीही ते भिन्न जुळे, म्हणजे दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेले, आहेत याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती, कारण जन्माच्या वेळी दोघांची वार वेगवेगळी होती आणि 'वार वेगळी म्हणजे बीज वेगळे' असे तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितले होते. हा समज फार प्रचलित आहे आणि तो चुकीचा आहे. फलित बीजांडाचे विभाजन पहिल्या दोन-तीन दिवसांतच झाले, तर एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांनाही स्वतंत्र वार असते; अशा एकाच बीजाच्या, म्हणजे एकयुग्मजी, जुळ्यांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जोड्या अशा असतात.

दोघांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या मी स्वतंत्रपणे घेतल्या. कर्तव्यनिष्ठेच्या मापनात त्यांच्यात मोठे अंतर असणार हे उघड होते आणि तसेच ते निघाले. मात्र भावनिक अस्थिरता आणि नावीन्याची ओढ या दोन्ही बाबतींत शांत म्हणून नावाजलेल्या थोरल्याचे गुण धाकट्याच्या अगदी जवळ आले. त्याच्याशी एकट्याशी बोलल्यावर कळले की त्यालाही राग पटकन येतो, एका जागी बसवत नाही, आणि म्हणूनच त्याला वाचनापेक्षा लेथ आवडते. तिथे उभे राहून, हाताला काम देऊन त्याचे डोके निवते. हे ऐकल्यावर मी वडिलांना जनुकीय तपासणी सुचवली. आईवडिलांची लेखी संमती आणि मुलांचा होकार घेऊन गालाच्या आतल्या बाजूचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. अशा तपासणीत गुणसूत्रांवरच्या ठरावीक जागांची तुलना करतात. भिन्न जुळ्यांत त्यांपैकी काही जागा हमखास वेगळ्या निघतात.

अहवाल आला त्या दिवशी पाऊस मोठा होता, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता, तरी सगळे कुटुंब आले. तपासलेल्या सर्व जागा जुळल्या होत्या. मुले एकयुग्मजी होती. मामा आणि भाचा यांच्यात जनुकांचा सरासरी पाव हिस्सा समान असतो, आणि या दोन भावांच्या बाबतीत तो पाव हिस्सा अगदी तोच होता, हे मी समजावून सांगितले. कोणी काही बोलण्याआधी थोरला म्हणाला, "म्हणजे मामा माझ्यातबी तेवढाच हाय की."

आजी गप्प झाल्या. वडील मात्र फार वेळ गप्प राहिले नाहीत. ते पत्नीकडे वळून म्हणाले, "म्हणजे रक्ताचा दोष न्हाई. मग तुझ्या लाडानंच वाया गेला तो."

माझ्या कामातला हा प्रसंग मी कधी विसरणार नाही, कारण रक्तावरून सुटलेला आरोप एका क्षणात आईच्या पदरात येऊन पडला. दोष जनुकांचा नसेल तर तो संगोपनाचाच असला पाहिजे, आणि संगोपन म्हणजे आई, हा तर्क वडिलांना इतका साहजिक वाटला की आपण काही कठोर बोललो याची त्यांना जाणीवही नव्हती. त्या बाईंनी पंधरा वर्षे भावाचा ठपका सोसला होता, आणि आता त्यांच्यावर स्वतःचाही आला. त्या दुपारी ठरलेली वेळ संपली तरी मी त्यांना उठू दिले नाही.

मी सांगितले ते थोडक्यात असे. १८७५ मध्ये इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी स्वभाव जन्माने घडतो की संगोपनाने, हा प्रश्न जुळ्यांच्या अभ्यासातून सोडवण्याची कल्पना मांडली, तेव्हापासून जगभर लक्षावधी जुळ्यांचा अभ्यास झाला आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ थॉमस बुशार्ड यांनी तर लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. या सगळ्या संशोधनातून व्यक्तिमत्त्वातील फरकांमध्ये जनुकांचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के दिसतो. उरलेला वाटा परिस्थितीचा, आणि अनेकांना चकित करणारी गोष्ट इथे आहे. एकाच घरात दत्तक म्हणून वाढलेली, रक्ताचे नाते नसलेली भावंडे मोठेपणी स्वभावाने एकमेकांसारखी जवळजवळ होतच नाहीत. म्हणजे घरातले जे वातावरण सर्व मुलांना सारखेच मिळते, त्याचा स्वभावावरचा ठसा फार थोडा असतो. फरक पडतो तो एकेका मुलाच्या वाट्याला जे वेगळे येते त्याने. आजार, अपघात, शिक्षक, मित्र, जन्मापूर्वी गर्भाशयात मिळालेले कमीअधिक पोषण, आणि ज्याचा कधीच माग लागत नाही असे योगायोग, हे सगळे त्यात येते.

वडील हिशेबाचे माणूस होते. त्यांनी लगेच विचारले, "मग ह्याचा निम्मा राग रक्ताचा आन् निम्मा बाहेरचा, असंच ना?" हा प्रश्न सुशिक्षित लोकही विचारतात, म्हणून त्याचे उत्तर मी सावकाश दिले. ४० किंवा ५० टक्के हा आकडा हजारो माणसांमधील फरकांचा आहे. एका मुलाच्या रागाची त्यावरून वाटणी करता येत नाही. या दोन भावांमध्ये तर जनुकांचा फरकच नाही, त्यामुळे त्यांच्यातील अंतर जनुकांच्या फरकाने समजणार नाही, आणि तरीही दोघांच्या तापटपणात जनुकांचा हात असू शकतो. इतका वेळ न बोललेल्या आई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "आमच्या आजऱ्याचा घनसाळ भात दुसरीकडं लावला तर त्याला तसा वास येत न्हाई. बी तेच असतंय." मग त्या भावाबद्दल बोलू लागल्या. तो लहानपणापासून तापट होता, पण पिणारा नव्हता. कर्ज वाढत गेले तसा तो दारूकडे वळला. हे त्या घरात त्यांनी आधी कधी सांगितले होते का, हे मी विचारले नाही.

त्यानंतर आम्ही दोघांच्या आयुष्यातले फरक मांडायला बसलो. जन्मतः धाकट्याचे वजन कमी होते, त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले, आणि त्या काळात आई त्याच्यापाशी दवाखान्यात तर थोरला घरी आजीपाशी होता. चौथीत धाकटा जिन्यावरून पडला, हात मोडला, शाळा बुडाली. पाचवीत तुकड्या वेगळ्या झाल्या. थोरल्याला एका शिक्षकांनी हाताशी धरले; धाकट्याला तसे कोणी भेटले नाही. वडिलांनी कारखान्यात नेले तेही थोरल्यालाच, कारण धाकटा यंत्रापाशी धसमुसळेपणा करेल अशी त्यांना भीती होती. यांपैकी कशामुळे नेमके काय घडले हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, आणि मी सांगितलेही नाही. पण सुरुवातीचा लहानसा फरक, त्याला चिकटलेले 'मामावर गेला' हे शब्द, त्या शब्दांमुळे बदललेली मोठ्यांची वागणूक आणि त्या वागणुकीतून आणखी वाढलेला फरक, अशी साखळी मला या घरात स्पष्ट दिसत होती. मुलाच्या स्वभावाला भोवतालची माणसे जो प्रतिसाद देतात, तोही पुढे त्याच्या परिस्थितीचाच भाग होतो.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. घरात मामाचा उल्लेख या मुलाच्या चुकीशी जोडून करायचा नाही. याला आजींनी सर्वांत आधी मान हलवली. आणि रविवारी धाकट्यालाही कारखान्यात न्यायचे, पहिले काही आठवडे लेथवर न बसवता मापे घेण्याच्या आणि घासकामाच्या टेबलावर, थोरल्याच्या शेजारी. वडिलांनी हे नाखुशीने मान्य केले. शाळेतल्या तक्रारी कमी झाल्या आहेत, थांबलेल्या नाहीत. रागावर काम करण्यासाठी धाकटा माझ्याकडे एकटा येतो, आणि गेल्या महिन्यापासून स्वतःहून वेळ मागून थोरलाही येऊ लागला आहे.