घोरण्याच्या तक्रारीपासून झोपेच्या तपासणीपर्यंत : माझा अनुभव

वयाच्या 46 व्या वर्षी माझे वजन 101 किलो आणि उंची 172 सेंटिमीटर होती, म्हणजे बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा आकडा) 34 च्या थोडा वर. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा 150 च्या खाली येत नव्हता, रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठावे लागत होते आणि दुपारी बसल्या जागी डोळे मिटत होते. या तिन्हींची कारणे मी परस्पर ठरवून टाकली होती : रक्तदाब आनुवंशिक, लघवी प्रोस्टेटमुळे आणि झोप कामाच्या ताणामुळे. वाढलेल्या वजनाचा संबंध मी फक्त दिसण्याशी आणि गुडघ्यांशी लावत असे.

पत्नी मात्र वर्षभर वेगळेच सांगत होती. "तुमचं घोरणं एकदम बंद पडतं, मग मी आकडे मोजत पडून राहते. काल पंचवीसपर्यंत मोजले," असे एका सकाळी म्हणून ती त्याच आठवड्यात माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली. ती आली म्हणूनच निदानाला दिशा मिळाली, कारण झोपेत आपला श्वास थांबतो हे ज्याचे त्याला कळत नाही.

डॉक्टरांनी वजनकाट्याआधी टेप हातात घेतली. कमरेचा घेर 112 सेंटिमीटर भरला आणि मानेचा 44. पुरुषांमध्ये चरबी प्रामुख्याने पोटाच्या पोकळीत, यकृत व आतड्यांभोवती साठते आणि तीच रक्तातील साखर, मेद व रक्तदाब बिघडवते, म्हणून घेराला महत्त्व आहे, असे त्यांनी समजावले. पुरुषांच्या कमरेसाठी 102 सेंटिमीटर ही मर्यादा सर्वसाधारणपणे सांगितली जाते, तर दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ती 90 च आहे. मानेचा मुद्दा माझ्यासाठी अगदी नवा होता. जिभेच्या मुळाशी आणि घशाभोवती साठलेली चरबी श्वासमार्ग आधीच अरुंद करते, झोपेत स्नायू सैल पडले की तो मिटतो आणि उताणे झोपल्यावर पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येऊन फुप्फुसांना जागा कमी पडते. 43 सेंटिमीटरपेक्षा जाड मान असलेल्या पुरुषांत हा धोका वाढलेला मानतात.

त्यानंतर दिवसा येणाऱ्या झोपेबद्दलची 8 प्रश्नांची एपवर्थ प्रश्नावली भरली. 24 पैकी 10 पर्यंतचे गुण ठीक समजतात. माझे 16 आले. उपचार सुरू होईपर्यंत गाडी चालवू नका, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले.

मग झोपेची तपासणी ठरली. तपासणीची रात्र मला वाटली होती तितकी त्रासदायक नव्हती. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि पायांवर तारा, छाती-पोटाभोवती दोन पट्टे, नाकाशी हवेचा प्रवाह टिपणारी नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, एवढ्या सगळ्यासह झोप येणार नाही असे वाटले होते, पण ती आली. अहवालात मात्र तासाला 38 वेळा श्वास थांबल्याची किंवा मंदावल्याची नोंद होती आणि प्राणवायूची पातळी 74 टक्क्यांपर्यंत उतरली होती. तासाला 30 किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत वारंवार श्वास अडण्याचा विकार.

लघवीचा उलगडा मला सर्वांत विलक्षण वाटला. बंद श्वासमार्गाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झाले असे समजून हृदय एक संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडे लघवी वाढवतात. ज्या त्रासाला मी दोन वर्षे प्रोस्टेटचा समजत होतो, त्याचे मूळ घशात होते. रक्तदाबाचेही तसेच. रात्री तो उतरायला हवा, पण प्रत्येक अडथळ्यागणिक शरीर दचकून जागे होत असल्याने त्याला उतरायला सवडच मिळत नव्हती.

उपचार म्हणून सीपॅप यंत्र मिळाले. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेली ही पद्धत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवते. पहिले दोन आठवडे कठीण गेले. नाक कोरडे पडे आणि नाक-तोंड झाकणारा मुखवटा मिशीमुळे नीट न बसल्याने हवा गळत असे. हवेला ओलावा देणारी जोडणी आणि फक्त नाकपुड्यांवर बसणारा छोटा मुखवटा मिळाल्यावर सहा तासांची अखंड झोप होऊ लागली. आठवड्याभरात रात्रीचे उठणे एकदावर आले.

एक गोष्ट मी तिसऱ्या भेटीपर्यंत लपवली होती : लैंगिक ताठरता कमी झाली होती. संकोच वाटणाऱ्या प्रत्येक पुरुषाला मी कळकळीने सांगेन की हे पहिल्याच भेटीत सांगा. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्याने रक्तवाहिन्यांचा बिघाड तिथे आधी जाणवू शकतो, म्हणून माझी हृदयतपासणी लगेच झाली. ती सुदैवाने समाधानकारक निघाली. सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मात्र कमी होते. चरबीतील एक विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. मी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन मागितले, पण त्याने शुक्राणुनिर्मिती दबू शकते आणि स्लीप अ‍ॅप्निया वाढू शकतो, असे सांगून डॉक्टरांनी नकार दिला. आधी वजन उतरवायचे ठरले.

यंत्राने वजन घटत नाही, हेही तेव्हाच समजले. आहार मोजून, रोज चालून आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलून दहा महिन्यांत मी 91 किलोवर आलो. कमरेचा घेर 101 झाला, रक्तदाब एकाच गोळीवर 132 आणि 84 राहू लागला, तर टेस्टोस्टेरॉन सामान्य मर्यादेच्या खालच्या टोकाशी पोहोचले.

नंतर यंत्राविना पुन्हा एक रात्र तपासणी झाली. तासाला श्वास अडण्याचा आकडा 27 आला. वजन दहा टक्के घटल्यावर साधारण एवढीच सुधारणा अपेक्षित असते, असे डॉक्टर म्हणाले, तरी मला तो कमी असेल अशी आशा होती. यंत्र सोडता आलेले नाही. त्याचा दाब 12 वरून 10 वर आणला आहे आणि वजन 85 किलोच्या आसपास आल्यावर पुढची तपासणी करायची आहे.