अण्णांच्या पश्चात वारस नोंद: माझा अनुभव

अण्णा, म्हणजे माझे वडील, हृदयविकाराने अचानक गेले तेव्हा शेतीचे सारे व्यवहार त्यांच्याच डोक्यात होते. कोणत्या गटात किती क्षेत्र आहे, सोसायटीचे पीककर्ज किती थकले आहे, सामाईक विहिरीत आपली पाळी केव्हा येते, यांपैकी काहीही आईला सांगता आले नसते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत झाल्यामुळे दाखला सहज मिळाला. बँकेत मात्र आईचे नाव नॉमिनी म्हणून असूनही आम्हाला समजून घ्यावे लागले की नॉमिनी रक्कम स्वीकारतो, परंतु तिच्यावरील हक्क सर्व वारसांचा असतो.

खरी परीक्षा सातबाऱ्याची होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 नुसार वारसाहक्काने जमीन मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, म्हणून तेराव्यानंतर आम्ही लगेच कागदांना लागलो. मृत्यूचा दाखला, सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या सर्व जमिनींचा एकत्रित उतारा) यांचे उतारे, वंशावळ आणि सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र एवढे जमवायचे होते. त्यांत वंशावळ हा एका पानाचा कागद, पण घरातील प्रत्येक नाते त्यावर मांडावे लागते आणि नेमके तिथेच मतभेद सुरू झाले.

भावकीतील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की नाव आईचे आणि दादाचे लावावे; लेकी सासरी सुखी आहेत, उद्या त्यांना हक्कसोडपत्र करावेच लागणार, मग आज नावे कशाला चढवायची? त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, अनेक पिढ्यांची सवय होती, आणि म्हणूनच उत्तर देणे मला अधिक कठीण गेले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, महाराष्ट्राने तर 1994 मध्येच तसा कायदा केला होता, हे मी शांतपणे सांगितले. हक्क सोडायचा की नाही हा वारसाचा स्वतःचा निर्णय आहे. तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि वारसाचे नाव मुळातच गाळणे हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. दादा माझ्या बाजूने उभा राहिला आणि तो विषय तिथेच मिटला.

तथापि या साऱ्या चर्चेत आजीचा विचार कोणाच्याही, माझ्याही, मनात आला नव्हता. मृताची आई ही पत्नी, मुलगे व मुली यांच्याबरोबरीने पहिल्या वर्गाची वारस असते, त्यामुळे अण्णांच्या हिश्शात आई, दादा, आम्ही दोघी बहिणी आणि आजी असे पाच समान वाटे होतात. हे मला एका वकील मैत्रिणीने सांगितले. अण्णा एकुलते एक. आजोबा वारले तेव्हा फक्त त्यांचे नाव लागले, आणि ज्या रानात आजीने आयुष्यभर खुरपणी-काढणी केली त्याच्या उताऱ्यावर ती कधीच नव्हती. आपले नाव वंशावळीत वारस म्हणून लिहिले आहे हे ऐकून तिने एवढेच विचारले, ‘‘म्हणजे पोराच्या मागं मी?’’ त्यावर आमच्यापैकी कोणालाच काही बोलता आले नाही.

आम्हा बहिणींच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांतील फरकासाठी विवाहाचे दाखले जोडले, आणि अर्ज तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, दिला. वारस नोंदवहीत नोंद झाली, फेरफार, म्हणजे उताऱ्यातील बदलाची नोंद, धरला गेला आणि हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या. हरकतीसाठीचे ते 15 दिवस जड गेले, कारण एकाही व्यक्तीने हरकत घेतली असती तर नोंद विवादग्रस्त ठरून सुनावणी लागली असती. कोणीही हरकत घेतली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला आणि नव्या उताऱ्यावर कब्जेदार, म्हणजे जमीनधारक, म्हणून पाचही नावे आली. पूर्वी अनेक ठिकाणी मुलींची नावे कब्जेदारांत न लावता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकून ठेवत, म्हणून तो रकाना मी मुद्दाम तपासला.

जमीन अजून सामाईक आहे. महसूल संहितेच्याच कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपासाठी अर्ज करता येतो, परंतु आजी आहे तोवर तो करायचा नाही असे आईने ठरवले आहे, आणि आम्हा तिघा भावंडांना ते मान्य आहे.