मेन स्विच बंद, तरी बॅटरी उतरलेली: कॅम्पर ट्रेलरच्या प्रवासातला मनस्ताप

गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला हा ट्रेलर ताब्यात देताना विकणारा म्हणाला होता, ‘मेन स्विच बंद केला की सगळं बंद.’ धादांत खोटं. हे वाक्य तुम्हालाही कुणी ऐकवलं असेल, तर निघण्याआधी मीटर (व्होल्ट आणि अँपिअर मोजणारा मल्टिमीटर) लावून बघा.

तळ्याकाठचे सुरुवातीचे दिवस मजेत गेले, त्यावर फार लिहीत नाही. ऊन भरपूर होतं, सोलर पॅनल रोजची तूट भरून काढत होतं, म्हणूनच दुखणं झाकलेलं राहिलं. मग डोंगरावरच्या दाट झाडीत मुक्काम हलवला, वर आभाळ भरलेलं. दुसऱ्या रात्रीनंतर पहाटे नळ उघडला तर पंप जेमतेम घरघरला आणि गप्प झाला. बॅटरीवर ११.६ व्होल्ट. लेड-ॲसिड बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.६ म्हणजे खडखडाट. दिवे एलईडीचे, फ्रीज गॅसवर, झोपताना मेन स्विच बंद. मग वीज खातंय कोण?

खालच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याने मीटरला हातही न लावता निकाल दिला: बॅटरी मेली, नवी घ्या. अडला हरी, दुसरं काय! नेहमीच्या दुप्पट भाव मोजून घेतली. ती नवीकोरी बॅटरीही तशीच उतरली. माझं स्पष्ट मत: मीटर न लावता बॅटरी बदलायला सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका, पुढचं गाव गाठा.

शेवटी भर पावसात, टॉर्च दातात धरून, मीच शोधायला बसलो. आधी ओढणाऱ्या गाडीची केबल काढली आणि सोलर पॅनल त्याच्या कंट्रोलरपासून (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) सोडवलं (पॅनल आधी, बॅटरी नंतर, हा क्रम उलटा करू नका). मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली आणि मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनल आणि तिच्या केबलच्या मध्ये जोडला. इथे एक खुबी आहे: मीटरच्या दोन्ही पिना नीट लावून झाल्यावरच केबल टर्मिनलवरून उचला. उलट केलंत तर जोडणीच्या क्षणीच्या झटक्याने मीटरचा फ्यूज उडू शकतो. मीटर मध्ये असताना पंप किंवा मोठं काही चालू करू नका. क्लॅम्प मीटर (वायर न सोडता, तिच्याभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) असेल तर काम सोपं, पण तो डीसी मोजणारा हवा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, इथे ते शोभेचे.

मेन स्विच बंद ठेवून आकडा आला १.१ अँपिअर. म्हणजे दिवसाला २६ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी ५० च. दोन दिवसांत खेळ खलास, तोही आपण एकही दिवा न लावता.

मग एकेक फ्यूज उपसला. स्टिरिओची मेमरी: नगण्य. गॅस डिटेक्टर: ०.०८. सगळे फ्यूज काढले तरी मीटर १ अँपिअरवर अडून बसलेला! अर्धी रात्र इथेच गेली. फ्यूज बॉक्स रिकामा असूनही करंट वाहतोय, याचा अर्थ एकच: कुठलीतरी वायर बॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवर आलेली आहे. पॉझिटिव्ह टर्मिनलवरची प्रत्येक वायर हाताने चाचपत गेलो. बारीक वायर ब्रेकअवे ब्रेकची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप लागणाऱ्या ब्रेकची) होती. ती थेटच असायला हवी, प्रवासात तिला हात लावायचा नाही. जाड वायर पलंगाखाली गेली. गादी आणि फळी उचलली तर आत इन्व्हर्टर, त्याच्या अंगावरचं बटण चालू. लोड नव्हता म्हणून पंखाही फिरत नव्हता, कानाला काही कळायची सोय नाही. ती वायर सोडवली आणि आकडा धाडकन जवळपास शून्यावर आला. रात्री दोन वाजता मी मोठ्याने ओरडलो, शेजारच्या तंबूत दिवा लागला.

तुमच्याकडे चोर दुसरा असू शकतो. टीव्ही अँटेनाचा बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा), व्होल्टेज दाखवणारे यूएसबी सॉकेट आणि काही गॅस फ्रीजमध्ये दाराच्या चौकटीला दव धरू नये म्हणून बसवलेला हीटर बघा. या हीटरला बहुधा वेगळं बटण असतं. गॅस डिटेक्टर मात्र वीज वाचवायला बंद करू नका, तिथे झोपायचं आहे. लिथियमवाल्यांनी व्होल्टेजवर विसंबू नये, ते शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं. शंट लावलेला मॉनिटर (बॅटरीत आत-बाहेर जाणारा करंट मोजून उरलेला चार्ज दाखवणारा) घ्याच.

इन्व्हर्टरसाठी आता त्याच्या जाड वायरवर वेगळा स्विच बसवलाय, गादी न उचलता हात पोचेल असा. तो बसवताना किंवा वायर परत जोडताना ठिणगी उडते, म्हणून चार्जिंग थांबवून आणि दारं उघडी ठेवून करा.

आणि ती ‘मेलेली’ बॅटरी? सावकाश चार्ज करून रात्रभर तशीच ठेवली, सकाळी १२.६ दाखवले. आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली असती तर आतल्या प्लेटांवर सल्फेट जमून खरंच गेली असती. आता नवी मुख्य जागी आहे, जुनी पंप आणि दिव्यांवर व्यवस्थित चालते.