शुक्रवार अकराच उरले

२०२० च्या सप्टेंबरअखेरीस कोरोनामुळे लांबलेल्या प्रथम वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचं वेळापत्रक आलं आणि आमच्या विज्ञान महाविद्यालयाची वेळापत्रक समिती ते घेऊन बसली. वर्ग १ नोव्हेंबरपासून, पूर्वतयारीची सुट्टी १ ते ७ मार्च, परीक्षा ८ ते २६ मार्च, सत्रान्त सुट्टी ४ एप्रिलपर्यंत, दुसरं सत्र ५ एप्रिलला आणि पुढचं शैक्षणिक वर्ष ३० ऑगस्ट २०२१ ला. आठवड्याला सहा दिवस शिकवा आणि सुट्ट्या कमी करा, असंही त्यात होतं. १ नोव्हेंबर हा रविवार आहे, हे परीक्षा विभागाच्या मॅडमनी सगळ्यांत आधी दाखवून दिलं.

वर्षाला १८० अध्यापन दिवस म्हणजे सत्राला ९०, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी हे १२० दिवस होतात. त्यातले १८ रविवार गेले की १०२ राहतात. लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा, गुरू नानक जयंती, नाताळ, प्रजासत्ताक दिन आणि शिवजयंती काढल्यावर ९६. नव्वद भरतात, पण दिवाळीला या दोन दिवसांपलीकडे सहापेक्षा जास्त दिवस सुट्टी दिली नाही तरच. प्रवेश लांबणार हे दिसतच होतं. विज्ञान शाखेत सीईटी आणि नीटच्या फेऱ्या संपेपर्यंत मुलं येत-जात राहतात. म्हणून दुसरा तक्ता १ डिसेंबरपासूनचा केला. त्यात ७४ दिवस निघाले. सोळा कमी.

एकूण दिवस मोजून थांबायचं नसतं. खरी अडचण वारनिहाय मोजल्यावरच कळते, आणि ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. १ डिसेंबरच्या तक्त्यात सोमवार १२, मंगळवार १२, बुधवार, गुरुवार आणि शनिवार प्रत्येकी १३, शुक्रवार मात्र ११. नाताळ आणि शिवजयंती दोन्ही शुक्रवारी आले होते. व्याख्यानाचं नुकसान जादा तास लावून भरून काढता येतं. प्रात्यक्षिकाचं तसं नाही. तुकडीला आठवड्यातून एकदाच प्रयोगशाळा मिळते आणि ती बाकीच्या दिवशी दुसऱ्या तुकडीकडे असते. शुक्रवारच्या तुकडीला अकरा पाळ्या, त्यातल्या शेवटच्या दोन जर्नल (प्रयोगवही) प्रमाणित करण्यात आणि उजळणीत जाणार. प्रयोगांना उरल्या नऊ. शेजारच्या बुधवारच्या तुकडीला अकरा. प्रश्नपत्रिका मात्र दोघींना एकच.

उपाय जुनाच आहे: काही शनिवारी शुक्रवारचं वेळापत्रक चालवायचं. एका शनिवारी हे केलं की दोन्ही वार बारा-बारा होतात. त्यापुढे शनिवार कापला तर त्या तुकडीवर अन्याय होतो. हे शनिवार आरंभीच जाहीर करावे लागतात. ऐनवेळी सांगितलं तर बाहेरगावची मुलं हमखास चुकतात.

मग तास. चार श्रेयांकांच्या (क्रेडिट) विषयाला ६० तास, म्हणजे आठवड्याला चार असे पंधरा आठवडे. बारा आठवड्यांत तेच बसवायचे तर आठवड्याला पाच. सहायक प्राध्यापकाचा १६ तासांचा कार्यभार २० वर जातो. त्याच काळात द्वितीय आणि तृतीय वर्षाचे ऑनलाइन वर्ग चालू होते. शिवाय अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्टच्या निकालानंतर आधीच्या वर्षाच्या मुलांची ती परीक्षा आमच्याकडे ऑक्टोबरात आली होती आणि प्रश्नपेढ्या हीच माणसं करत होती. प्रथम वर्षाचं वेळापत्रक वेगळं छापता येतं, शिक्षक वेगळे आणता येत नाहीत.

त्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला तो सत्रान्त सुट्टीवर. २७ मार्च ते ४ एप्रिल हे नऊ दिवस कागदावर भरपूर वाटतात. त्यात दोन रविवार, २९ मार्चला धुळवड आणि २ एप्रिलला गुड फ्रायडे. कामाचे दिवस पाच, आणि त्यात ३१ मार्चचा आर्थिक वर्षअखेर. उत्तरपत्रिका तपासणं, नियमन (तपासणीची फेरपडताळणी), गुणांची नोंद, अंतर्गत गुणांशी मेळ हे सगळं एरवी दिवाळीच्या सुट्टीत होतं. सुट्टी म्हणजे रिकामे दिवस असं समजून ती कापणाऱ्याला हे काम दिसत नाही. विद्यापीठ कायद्यानं निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. म्हणजे शेवटची मर्यादा १० मे. तोवर दुसऱ्या सत्राचे पाच आठवडे संपलेले असतात आणि कोणत्या विषयात आपण अडकलोय हे एटीकेटीच्या, म्हणजे विषय राहूनही पुढच्या सत्रात गेलेल्या मुलाला माहीतच नसतं. शिक्षकांची सुट्टी कामात गेली तर त्या दिवसांच्या एक तृतीयांश अर्जित रजा मिळते. ती नोंद आदेशाशिवाय होत नाही, म्हणून प्राचार्यांनी प्रत्येक बदलासोबत लेखी आदेश काढायचं ठरवलं.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना यातलं काहीच लागू नव्हतं. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. सत्र महिनाभर पुढे गेलं की तो महिना कोरडा जातो, अर्जित रजेचा प्रश्नच नाही. हे मी बैठकीत जोर देऊन मांडलं आणि आजही मांडेन: वेळापत्रक सरकवताना नियुक्तीची तारीखही त्याच कागदावर लिहिली पाहिजे. शेवटी प्रश्नपेढ्या आणि ऑनलाइन तासांसाठी त्यांना नोव्हेंबरपासून नेमावं, अशी शिफारस ठरावात गेली.

दुसऱ्या सत्राची राज्याची सुट्ट्यांची यादी हाती नव्हती. पंचांगावरून सण लावले. बाबासाहेबांची जयंती, रामनवमी, बुद्धपौर्णिमा आणि बकरी ईद, चारही बुधवारी. सोमवार १७, बुधवार १३. त्यामुळे दुसऱ्या सत्रात बुधवारी प्रात्यक्षिक ठेवायचंच नाही, असं तिथल्या तिथे ठरलं. तुकड्यांची अंतिम यादी ३१ डिसेंबरनंतर करायची, कारण ३० नोव्हेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क आणि त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीचं परत मिळणार होतं. तोवर संख्या स्थिर होणं शक्य नव्हतं. आणि अध्यापन योजना तारखांऐवजी आठवड्यांच्या क्रमांकानं लिहायची, म्हणजे आरंभ सरकला तरी एकच नोंद बदलते.

१५ फेब्रुवारी २०२१ ला राज्यातली महाविद्यालयं ५० टक्के उपस्थितीनं उघडली, तेव्हा या क्रमांकांचा उपयोग झाला. २८ तारखेपर्यंत कामाचे अकरा दिवस होते आणि अर्धीच मुलं एका वेळी. आम्ही आयनिक विश्लेषण आणि सूक्ष्मदर्शकाचे प्रयोग, म्हणजे हातानं केल्याशिवाय येत नाहीत तेवढेच, पुढे घेतले. आलेखाचे आणि गणनेचे प्रयोग ऑनलाइन राहिले.

जुलै २०२१ मध्ये आयोगानं पुढचं सत्र १ ऑक्टोबरपर्यंत सुरू करा असं कळवलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला, म्हणजे पाचवा आठवडा संपता संपता. सूक्ष्मजीवशास्त्राची संवर्धनं (प्रयोगशाळेत वाढवलेले सूक्ष्मजीव) सुट्टीत उघड्यावर राहू नयेत म्हणून पाचव्या आठवड्यात फक्त नमुन्यांना रंग देणं आणि निरीक्षण ठेवलं, संवर्धनाचे प्रयोग सातव्यापासून.