म्हाताऱ्या उंदराची पकड मोजताना

"उंदराची ताकद मोजतेस म्हणजे करतेस काय गं? डंबेल्स देतेस?" वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्याकडे कुणी पाहुणा आला की हे ठरलेलं. म्हातारपणी स्नायू का झिजतात, हा माझा पीएचडीचा विषय. या झिजेला सार्कोपेनिया हे नाव १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलं. २०१९ च्या युरोपीय निकषांत तर स्नायू किती उरलाय यापेक्षा ताकद आधी बघतात : हाताची पकड पुरुषांत २७ किलोच्या आणि बायकांत १६ किलोच्या खाली गेली की संशय घ्यायचा. उंदराचीही पकडच मोजतात.

प्राण्याला हात लावण्याआधी अर्थातच कागदपत्रं. प्राणीगृहाची केंद्राच्या सीसीएसईए समितीकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी) नोंदणी हवी आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीकडून फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, मंजूर व्हायला हवा. "इतके उंदीर कशाला, कमी चालणार नाहीत?" यावर कमिटीशी बरीच घासाघीस झाली. पण म्हाताऱ्या गटातले काही मधेच मरणार, ते आधीच धरावे लागतात. शिवाय वजन किती उतरलं की प्राण्याला अभ्यासातून बाहेर काढायचं, तेही लिहून द्यायचं. हा प्रश्न कमिटीने विचारला ते बरंच झालं.

मग उंदीर म्हातारे होण्याची वाट. सी५७ जातीचा काळा उंदीर दोन वर्षांचा झाला की माणसाच्या हिशेबात सत्तरीच्या आसपास येतो. म्हणजे दोन उन्हाळे एसी सांभाळा. वडोदऱ्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला जास्त सांगायला नको.

मोजायचं यंत्र साधं आहे. आडवा बसवलेला फोर्स गेज (ओढीचा जोर मोजणारं उपकरण) आणि त्याला एक छोटा दांडा. उंदराला शेपटीच्या बुडाशी धरून दांड्यापाशी न्यायचं, पुढचे दोन्ही पंजे नीट बसले की सरळ मागे ओढायचं. पकड सुटते त्या क्षणाचा सर्वात मोठा आकडा यंत्र धरून ठेवतं. खरी मेख ओढण्यात आहे. झटका दिला की आकडा फुगतो, कोन बदलला की बदलतो, एकच पंजा लागला असेल तर रीडिंग सोडून द्यायचं. म्हणून सगळे उंदीर एकाच माणसाने ओढायचे, रोज त्याच वेळेला, आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला हे त्याला ठाऊक नसावं. माझ्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या म्हणूनच मैत्रीण बदलून ठेवायची.

तरण्या उंदराचा वेगळाच त्रास. तो दांड्यावर चढून बसतो आणि वळून तुमच्याकडे बघतो. म्हाताऱ्याची पाठ पोक काढलेली, केस विरळ. तो धरतो, पण बोटं एकेक करून निसटत जातात. काही तर धरायच्या भानगडीतच पडत नाहीत. ही कमजोरी की कंटाळा, ते आकड्यावरून कळत नाही. म्हणून दोन प्रयत्नांच्या मधे विश्रांती द्यायची.

हाताळणीचाही फरक पडतो. शेपटीने उचललेले उंदीर जास्त घाबरतात, नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले कमी, हे २०१० मध्ये दाखवलं गेलंय. पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो, असं २०१४ चा एक अभ्यास सांगतो. हे कळल्यावर आमच्या लॅबमधल्या मुलांची जी थट्टा झाली ती विचारू नका. नवरात्रात मी मोजणी ठेवलीच नाही. गरब्याचे लाउडस्पीकर रात्रभर, आणि उंदीर जागे असतात तेही रात्रीच.

शेवटचा घोळ वजनाचा. आकडा वजनाने भागायचा रिवाज आहे, पण मधल्या वयाचे उंदीर लठ्ठ होतात आणि भागाकारात उगाच दुबळे दिसतात. उलट्या जाळीला लटकवून वेळ मोजली तरी तेच, जड उंदीर लवकर पडतो (खाली मऊ भुसा असतो). मॅडम म्हणाल्या, "दोन्ही तक्ते ठेव, भागलेला आणि न भागलेला." कमजोरी की कंटाळा हा प्रश्न सोडवायला आता भूल देऊन पायाच्या नसेला विजेचा हलका झटका द्यायचा आणि घोट्याचा जोर मोजायचा. झोपलेल्या उंदराला कंटाळा येत नाही. त्यासाठी फॉर्म बी मध्ये दुरुस्ती लागते, ती कालच टाकली आहे.