फ्रिजची वाढीव वॉरंटी घ्यावी का?

गेल्या आठवड्यात सीताबर्डीच्या एका दुकानात फ्रिज घेताना विक्रेत्याने 3 वर्षांच्या वाढीव वॉरंटीचा कागद पुढे केला, तेव्हा मी सही न करता तो घरी आणून सावकाश वाचला. फ्रिजची किंमत 28,000 रुपये आणि योजनेची 3,400, म्हणजे बारा टक्क्यांहून थोडी अधिक. मूळ वॉरंटी सर्व भागांसाठी एकच वर्षाची असली, तरी कॉम्प्रेसरवर ती 10 वर्षांची आहे. त्यामुळे सर्वांत महाग भागासाठी पुन्हा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसला नाही.

खरी भीती सर्किट बोर्डाची. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, विजेचा दाब खालीवर होतो, आणि आमच्या जुन्या फ्रिजचा बोर्ड अशाच एका दुपारी जळाला होता. हिरव्या पट्टीवरचा तो काळा डाग अजून डोळ्यांसमोर आहे. मात्र कागदाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, विजेच्या चढउतारामुळे होणारे नुकसान, दाराचे रबर आणि गॅस भरणे हे सारे वगळलेले होते. हे विक्रेत्याने आपणहून सांगायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. योजना नाकारून मी त्याच पैशांतून चांगला स्टॅबिलायझर घेतला.