सार्त्रकडे आलेला विद्यार्थी

आज ठाण्यात मराठी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गाला अस्तित्ववादाची (माणूस स्वतःच्या निवडींतून घडतो, असे मानणाऱ्या विचाराची) ओळख करून देताना मी व्याख्या मुद्दाम बाजूला ठेवली आणि फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४५ साली पॅरिसमधील व्याख्यानात सांगितलेला एक प्रसंग मांडला. एका विद्यार्थ्याचा मोठा भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, आईचा सारा जीव आता याच्यावर. अशा वेळी तिच्याजवळ राहावे की इंग्लंडला जाऊन जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात दाखल व्हावे, हे विचारायला तो सार्त्रकडे आला होता. धर्म किंवा जर्मन तत्त्वज्ञ कांटचे नीतिशास्त्र याचा निर्णय करून देऊ शकत नाही, सल्लागार कोण हे ठरवतानाही माणूस निवडच करत असतो, असे सार्त्रचे म्हणणे.

नोकरी सांभाळून बदलापूरहून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आईजवळ राहणे ही आमच्याकडे निवड मानलीच जात नाही." मग तासाचा उरलेला सगळा वेळ यावरच गेला. कर्तव्य म्हणून जे करतो तेही आपण रोज नव्याने पत्करत असतो का, या प्रश्नावर वर्गात सरळ दोन तट पडले.

आपल्याकडील मार्गदर्शिका अस्तित्ववादाला निराशेचे तत्त्वज्ञान ठरवून मोकळ्या होतात आणि अस्तित्ववादी म्हणून ओळखला जाणारा फ्रेंच लेखक काम्यू याने हे लेबल स्वतःच नाकारले होते, याचा उल्लेखही क्वचितच करतात. (परीक्षेला तेवढे पुरतेही!) १९६३ च्या 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकरलाही याच साच्यात बसवले जाते. पुढच्या तासाला त्याची पुण्यातील नव्हे, तर गावी परतल्यानंतरची पाने वाचायची, असे आम्ही ठरवले आहे.